नदी मागे जात होती

गणेश चवथीची दुपारची आरती आटोपली होती. घुमट या वाद्यावरची थाप थांबली होती, तरी तिची थरथर अजून भिंतींत उरल्यासारखी वाटत होती, आणि गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीला बांधलेल्या चिबडाचा पिकत चाललेला गोड वास कापराच्या वासात मिसळून सगळ्या घरात भरला होता. मांडवीतल्या चोडण बेटावरच्या आमच्या मूळ घरात चवथीला चार पिढ्यांची माणसे जमतात, आणि आरतीनंतर पाने वाढली जाईपर्यंतचा अर्धा तास हा वर्षभराच्या गप्पांचा असतो. त्या अर्ध्या तासात माझ्या आतेभावाने आमच्या मुलीला जवळ ओढले आणि म्हटले, "बाय, ती न्हंयची गजाल सांग पळोवया." ती नदीची गोष्ट सांग बघू. बाय सहा वर्षांची आहे. ती माटोळीखाली जाऊन उभी राहिली, हात मागे बांधले, आणि शाळेत कविता म्हणतात त्या सुरात म्हणाली, "पपा, ही न्हंय फाटीं कित्याक वता? घर विसरली?" पपा, ही नदी मागे का जाते? घर विसरली? सगळे खळखळून हसले. सर्वांत आधी मीच हसलो, कारण सहा महिने ही गजाल जागोजागी सांगत फिरणारा मीच होतो. हसणे ओसरायच्या आत ती अगदी हळू आवाजात, कुणाकडेही न पाहता म्हणाली, "पूण ती खरेंच फाटीं वताली."

पण ती खरोखरच मागे जात होती. हे वाक्य मी ऐकले. तेवढ्यात पाने मांडल्याची हाक आली, आणि मी तिला काहीच उत्तर न देता उठलो.

मूळ प्रसंग गेल्या माघातला आहे. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी नऊच्या सुमारास आम्ही रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणला निघालो होतो. फेरीबोटीच्या लोखंडी तळाची धडधड तळव्यांतून गुडघ्यांपर्यंत चढत होती, डिझेलचा वास आणि खाऱ्या पाण्याचा वास वेगवेगळे ओळखू येत होते, आणि पलीकडच्या तीरावरचे कांदळवन अजून धुक्यातच होते. बाय कठड्याला धरून उभी होती. तिच्यासमोरून नारळाची एक वाळकी झावळी पाण्यावरून सावकाश जुन्या गोव्याच्या दिशेला निघाली होती. त्याच्या थोडेच दिवस आधी मी तिला नकाशावर बोट फिरवून सांगितले होते की म्हादई कर्नाटकात सह्याद्रीच्या डोंगरात उगम पावते, गोव्यात येते, मांडवी होते आणि पणजीपाशी समुद्राला मिळते. नकाशावर माझे बोट उगवतीकडून मावळतीकडे गेले होते, आणि आता तिच्या डोळ्यांदेखत नदी मावळतीकडून उगवतीकडे चालली होती. झावळी दिसेनाशी होईपर्यंत ती पाहत राहिली, मग माझ्याकडे वळली आणि तिने तो प्रश्न विचारला. मला इतका आनंद झाला की मी तिला उचलून घेतले. शेजारी पाटी घेऊन बसलेल्या बाईंना मी तो प्रश्न लगेच सांगितला, रात्री बहिणीला फोनवर सांगितला, सोमवारी कचेरीत सांगितला.

तो आनंद खोटा नव्हता, आणि आजही मला तो नाकारायचा नाही. आपल्या मुलाच्या तोंडून असे एखादे वाक्य निघते तेव्हा छातीत काहीतरी एकदम मोठे होते आणि ते एकट्याने धरून ठेवणे जमत नाही. ते कुणाला तरी दिल्याशिवाय चैन पडत नाही. ऐकणारा हसला की ते आणखी वाढते. शिवाय त्या हसण्यात समोरच्यालाही त्याच्या घरातले असे काहीतरी आठवते आणि तोही सांगू लागतो, आणि मग पाच-सहा मोठी माणसे आपापल्या कामाची, आजारपणाची, कर्जाची गोष्ट विसरून केवळ मुलांच्या वाक्यांवर तासभर बोलत बसतात. माणसे एकमेकांशी इतकी निर्मळपणे बोलत आहेत, असे प्रसंग माझ्या आयुष्यात फार आलेले नाहीत.

अशाच एका बैठकीत माझ्या बहिणीने तिच्या मुलाची गोष्ट सांगितली होती. तो सात वर्षांचा होता. अंक म्हणताना अठ्ठ्याण्णवपर्यंत नीट आला आणि पुढे ठामपणे म्हणाला, "एकोणशंभर." सगळा वर्ग हसला. बहीणही सांगताना डोळे पुसत हसत होती. मी घरी येऊन तो शब्द पुन्हा उच्चारून पाहिला, आणि मग मला हसू आले नाही. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणऐंशी या सगळ्यांत पुढच्या दशकातून एक उणा करायचा, हे त्याला कुणीही समजावून सांगितलेले नव्हते. ते त्याने ऐकता ऐकता स्वतः शोधून काढले होते आणि शंभराच्या दारापर्यंत नेले होते. तिथे भाषेनेच आपला नियम मोडलेला आहे, त्याने नव्हे. माझ्या एका सहकाऱ्याची चार वर्षांची मुलगी "मी चित्र करले" म्हणते. खेळले, धावले, बोलले, मग करले. हा शब्द तिने कुठल्याही मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकलेला असणे शक्य नाही, म्हणजे तो तिचा स्वतःचा आहे, तिने घडवलेला आहे. आपण ज्याला चूक म्हणून हसतो, तिथे मूल आपल्यापेक्षा अधिक शिस्तीने वागलेले असते, असे मला तेव्हापासून वाटू लागले.

आमच्या आधीच्या पिढीची माणसे कौतुक निराळ्या रीतीने करीत. माझी आजी, म्हणजे बायची पणजी, जिला बाय 'व्हडली आजी' म्हणते, तिने माझे कौतुक कधी सरळ शब्दांत केलेले मला आठवत नाही. ती तक्रार करी. विहिरीवर, देवळाच्या पायऱ्यांवर, सोप्यावर बसून ती शेजारणींना सांगे की ह्या पोराने माझे डोके खाल्ले, सकाळपासून झोपेपर्यंत नुसते प्रश्न, उत्तर देता देता जीव जातो. सांगताना तिचा चेहरा दिव्यासारखा उजळलेला असे. शेजारीणही ती तक्रार तक्रार म्हणून घेत नसे. ती आपल्या नातवाची त्याहून मोठी तक्रार पुढे ठेवी. कुणी पाहुण्याने उघडउघड 'पोर हुशार आहे हां' असे म्हटलेच, तर त्या संध्याकाळी मीठ-मिरच्यांनी माझी दिश्ट काढली जाई. मिरच्या चुलीत तडतडत आणि ठसका लागला नाही की ती समाधानाने मान हलवी. लहानपणी मला ते सगळे अंधश्रद्धेचे वाटे. आता वाटते की तिला एवढे नक्की कळत होते, की मुलाबद्दल बोललेला शब्द बोलून संपत नाही, तो मुलाच्या अंगाला लागतो.

माझ्याही नावावर अशी एक गजाल आहे. मी पाच वर्षांचा असताना देवळासमोरची उंच दीपमाळ पाहून म्हणे विचारले होते, की वरचे दिवे लावायला देव स्वतः चढतो का, आणि चढताना त्याचे पाय भाजत नाहीत का. बाबांनी ही गोष्ट माझ्या मुंजीत सांगितली, माझ्या लग्नात सांगितली, बायच्या बारशालाही सांगितली. त्यांच्या आवाजातली माया मला प्रत्येक वेळी ऐकू येते. पण त्या दीपमाळेचे माझ्याजवळ काहीही उरलेले नाही. ती संध्याकाळ होती की सकाळ, माझा हात कुणी धरला होता, देवाच्या भाजणाऱ्या पायांची मला खरोखर काळजी वाटली होती का, यातले काही मला आठवत नाही. मला आठवतात ती गोल करून बसलेली, हसणारी मोठी तोंडे. माझी आठवण होती, तिच्या जागी त्यांची गोष्ट येऊन बसली आहे.

मध्यंतरी चार्ल्स डार्विनने आपल्या थोरल्या मुलाविषयी लिहिलेली टिपणे वाचनात आली. हा मुलगा डिसेंबर १८३९ मध्ये जन्मला, बापाने त्याचे वागणे वेळच्या वेळी टिपून ठेवले, आणि १८७७ साली, म्हणजे मुलगा स्वतः मोठा गृहस्थ झाल्यावर, ते छापले. त्यात एक नोंद अशी आहे की बरोबर एक वर्षाचा असताना त्या मुलाने खाण्यासाठी स्वतःचा एक शब्द काढला, आणि तो शब्द 'मम' असा होता. साखरेला पुढे तो 'शु-मम' म्हणू लागला. आपल्याकडे घासाघासाला 'मंमं' म्हणणाऱ्या कुठल्याही आईला हे वाचून तो परदेशी मुलगा आपल्याच ओटीवर बसल्यासारखा वाटेल. मला मात्र दुसरी एक नोंद अधिक लागली. सव्वादोन वर्षांच्या त्या मुलाला प्राणिसंग्रहालयात नेले असता, ज्यांचे रूप त्याला अनोळखी होते अशा पिंजऱ्यातल्या मोठ्या जनावरांना पाहून तो फार घाबरला, असे बापाने लिहून ठेवले आहे. तो घाबरला, हे वगळलेले नाही. शब्दांची मौज टिपावी तितक्याच काळजीने मुलाची भीतीही टिपलेली आहे. सांगण्याच्या गोष्टीत ती भीती कुणी ठेवली नसती; ऐकणाऱ्याचा रसभंग झाला असता.

मीही ती ठेवली नव्हती.

फेरीबोटीवर बायने दोन प्रश्न विचारले होते. पहिला मी सगळीकडे सांगितला. दुसरा तिने मी तिला उचलून घेतल्यावर माझ्या कानाशी विचारला होता: "तिका परतून कोण हाडटलो?" तिला परत कोण आणणार? दोन्ही एकाच श्वासातले होते. पण पहिल्यावर माणसे हसत आणि दुसऱ्यावर क्षणभर थांबत, आणि ते थांबणे मला नकोसे होते, म्हणून तिसऱ्या-चौथ्या वेळी सांगताना दुसरा प्रश्न आपोआप गळाला. मी तो मुद्दाम टाकला असे म्हणता येणार नाही. नदीत धोंडा घासत जावा तशी सांगता सांगता गोष्ट गुळगुळीत होत गेली. पुढे पुढे तर मी झावळीही सांगेनासा झालो.

त्या रविवारी आम्ही चोडणला का निघालो होतो, हेही मी कधी सांगितले नाही. गेली दोन वर्षे आजीची आठवण विरत चालली आहे. त्या आठवड्यात ती देवळातून परतताना वाट चुकली होती. ज्या वाटेने ती सत्तर वर्षे चालली, त्या वाटेवर ती तिन्हीसांजेला उलट दिशेने, शेताकडे निघून गेली, आणि वाड्यावरच्या एका मुलाने तिला हाताला धरून घरी आणले. आठवडाभर पणजी शहरातल्या आमच्या घरात फोनवर हेच बोलणे चालले होते. आजी घर विसरली. तिला परत कोणी आणले? यापुढे तिला कोण आणणार? बाय आतल्या खोलीत चित्रे रंगवीत होती आणि ती ऐकत असेल असे आमच्या मनातही आले नव्हते. म्हणजे ज्या वाक्याला मी आणि माझे सारे नातेवाईक बालकल्पना म्हणत होतो, त्यातले शब्द आमचेच होते. जोडणी मात्र तिची होती. नेमलेली दिशा सोडून उलटे चाललेले पाणी पाहताच तिने ते आमच्या घरातल्या दुःखाशेजारी नेऊन ठेवले होते. हे ध्यानात आले तेव्हा मला तिचा पूर्वीपेक्षाही अधिक अभिमान वाटला, आणि त्याच क्षणी जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

चवथीच्या रात्री अंगणात फुगड्या चालू असताना मी तिला बाजूला घेऊन विचारले, की दुपारी तू दुसरा प्रश्न का म्हटला नाहीस. तिने माझ्याकडे असे पाहिले, की हे विचारायचे असते का. "व्हडली आजी थंय बशिल्ली," ती म्हणाली. व्हडली आजी तिथे बसली होती. मी ज्या भागाला केवळ रसासाठी कात्री लावली, तो तिने आजीच्या मनासाठी गिळला होता. तिला त्यातले सगळे कळत होते.

आम्ही मंगेशीला जातो तेव्हा मला एक गोष्ट हमखास आठवते. मास्टर दीनानाथांचा जन्म त्या गावात १९०० साली झाला. त्यांच्या थोरल्या मुलीने पुढे मुलाखतींतून सांगितलेला प्रसंग मराठी वाचकांना पाठ आहे: वडील बाहेर गेलेले, शिष्य पूरिया धनाश्री घोकत बसलेला, त्याचे काही चुकते आहे असे पाच वर्षांच्या लताच्या कानाला लागले, ती आत गेली, तिने ते गाऊन दाखवले, आणि नेमके तेव्हाच परतलेल्या वडिलांनी ते ऐकले. त्यांनी आईला सांगितले की आपल्या घरातच गवई आहे. इथपर्यंत ती प्रत्येक आईबापाची गोष्ट आहे. त्यांनाही ते सांगितल्याशिवाय राहवले नाही, हे मला फार जवळचे वाटते. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मुलीला उठवले, तंबोरा जुळवला आणि शिकवायला बसले. चवथीच्या रात्री अंथरुणावर पडून मी त्या पहाटेचा विचार करीत होतो. माझ्या मुलीने भरती पाहिली होती. नदीकाठच्या घरात जन्मलेल्या मला भरती-सुकती कळायला पुस्तक लागले नव्हते. उत्तर माझ्याजवळ होते आणि सहा महिने मी तिला ते दिले नव्हते.

हे लिहिण्याआधी मी तिला विचारले, की ती गजाल मी लिहू का. तिने थोडा विचार करून सांगितले, "बरय. पूण सगळें बरय." लिही, पण सगळे लिही. म्हणून पुढचेही लिहितो.

दुसऱ्या दिवशी पंचमी होती. नव्याची कणसे आणायला बाबा सकाळी शेताकडे निघाले तेव्हा मी त्यांना सगळे सांगितले, आणि बायलाही बरोबर घेतले. आमचे शेत खाजनात आहे. भरतीच्या पातळीहून खालची ही जमीन; नदीच्या आणि शेताच्या मध्ये मातीचा बांध, आणि बांधात चिऱ्यांनी बांधलेली, लाकडी दारांची मानस. आम्ही पोचलो तेव्हा सुकती होती. दारे नदीकडे उघडी होती आणि शेतातले पावसाचे पाणी फेस काढीत बाहेर धावत होते. चिखलाला कुजक्या पानांचा आणि कुर्ल्यांचा वास होता. बाबा बांधावर बसले आणि तिला म्हणाले, की आता फक्त बघत राहायचे. मग त्यांनी तिला तिथीचा हिशेब सांगितला. भरती रोज दोन घटका उशिरा येते, म्हणून तिथीला पाऊणपट करायचे, की भरती कधी भरेल त्याचा अदमास मिळतो. आज पंचमी. बाबांच्या लहानपणी पाऊणकी पाठ करावी लागे. त्यांनी ती सुरावर म्हटली, पाच पाऊणे पावणेचार. बायने ती तीन वेळा म्हणून घेतली.

तासाभराहून अधिक वेळ गेला. इतका वेळ ती एका जागी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. बाहेर धावणारे पाणी मंद होत गेले, फेस नाहीसा झाला, आणि एक वेळ अशी आली की मानशीच्या तोंडाशी पडलेले आंब्याचे पान ना आत येत होते ना बाहेर जात होते. बाय श्वास रोखून उभी राहिली. मग ते पान अगदी हळू, जणू वळून पाहावे तसे, आमच्या बाजूला आले. थोड्या वेळाने दारे हलली, कुरकुरली, आणि नदीच्या पाण्याच्या दाबाने एकमेकांवर येऊन धप्प आवाज करून मिटली.

"कोणें धांपलीं?" तिने विचारले.

"कोणेंच ना. उदकान," बाबा म्हणाले. कुणीच नाही, पाण्यानेच. "न्हंय वाट विसरूंक ना, बाय. दर्या तिका भितर हाडटा आनी परतून व्हरता. दिसाक दोन फावटीं." नदी वाट विसरलेली नाही; दर्या तिला आत आणतो आणि परत नेतो, दिवसातून दोनदा.

"सदां?"

"सदां."

तिने मिटलेल्या दारांवर हात ठेवून पाहिला. लाकूड ओले होते आणि पलीकडून नदीचा भार येत होता.

घरी परतल्यावर बाबांनी कणसे देवापुढे ठेवली आणि थोडी दारावर बांधायला माझ्याकडे दिली. व्हडली आजी सोप्यावर बसली होती. बाय तिच्याजवळ जाऊन बसली आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन बोलू लागली. कवितेचा सूर नव्हता. मी दारात स्टुलावर उभा होतो, त्यामुळे अर्धेच ऐकू येत होते. "आपणूच येता," ती सांगत होती, "आपणूच वता."

"कोण?" आजीने विचारले.

"न्हंय."

आजीने मान हलवली. जरा वेळाने तिने पुन्हा विचारले, "कोण?" आणि बायने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मी कणसांची गाठ बांधून खाली उतरलो तेव्हा ती तिसऱ्यांदा सांगत होती, आणि या वेळी तिने त्यात झावळीही घातली होती.